एकतीस बाया

दारव्ह्याच्या प्रदर्शनाला दोन दिवसांत किती बाया आल्या, तर एकतीस. हा आकडा माईकवरून माझ्या कानावर पडला तेव्हा मी तीन नंबरच्या मंडपात खुर्चीवर बसलेली होते. माझ्या समोरच पन्नासेक बाया उभ्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण त्यातल्या एकीचा पाय माझ्या पायावर होता.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची मिळून एक कंपनी आहे. तुरी निघाल्या की जानेवारीत ती दारव्ह्याला अवजारांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवते. पहिल्या मंडपात बियाणं आणि औषधं, दुसऱ्यात ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रं. तिसरा मंडप यंदाच उभा राहिला होता. त्यात हातानं चालवायच्या वस्तू होत्या. तूर भरडायची घरगुती चक्की, कापूस वेचताना कमरेला बांधायच्या पिशव्या, सायकल डवरा. बैलाशिवाय, एका चाकावर ढकलत निंदण काढायचं ते अवजार. हा मंडप पुढच्या वर्षी ठेवायचा की मोडायचा, हे आलेल्या लोकांना विचारून ठरणार होतं.

माझ्या दिराची मुलगी सुरभी हिचा गाळा त्याच मंडपात होता. ती आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये डवरे बनवते. बाजारातल्या डवऱ्याची दांडी गड्याच्या उंचीची असते. सुरभीच्या डवऱ्याची दांडी खालीवर होते, त्यामुळे ठेंगणी बाईसुद्धा पाठ न मोडता दिवसभर चालवते. पण कोणताच दुकानदार तिचा डवरा ठेवून घेत नव्हता. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणे. आता ज्यांना तो लागतो त्या बाया अवजारांच्या दुकानात पाय ठेवत नाहीत, तर विचारणार कोण? प्रदर्शनात मात्र पहिल्या दोन दिवसांत तिच्या वहीत जितकी नावं लागली, तितकी मागच्या सबंध वर्षात लागली नव्हती. तिसरा मंडप गेला तर शेडला कुलूप लावून तिनं पुण्याच्या कारखान्यात नोकरी धरायची, असं तिच्या बापाचं ठरलेलं होतं. सुरभीनं मान्य केलं होतं. मान खाली घालून मान्य केलं होतं, हे मला दिसलं होतं.

पाहणीचं काम यवतमाळहून आलेल्या अनघा नावाच्या पोरीकडे होतं. पोरगी हुशार आणि बोलायला गोड. मोठ्या गेटवर तिनं कॉलेजची चार पोरं मोबाइल घेऊन उभी केली होती. बाया त्या पोरांशी बोलेनात, म्हणून तिसऱ्या मंडपासाठी तिला एक वयस्क बाई हवी होती. सुरभीनं माझं नाव सांगितलं. मी साठीला टेकल्यावर अक्षरं शिकले. सावकाश लिहिते, पण मोठं लिहिते, कोणालाही वाचता येतं. मला मोबाइल नको म्हणून तिनं छापील कागद दिले. "मावशी, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "एकही रकाना रिकामा सोडायचा नाही."

कागदावर पहिला रकाना नावाचा, दुसरा कुटुंबप्रमुखाच्या नावाचा. मग गाव, शेती किती, काय पाहिलं, काय घेणार, अवजार कोण वापरणार, आणि शेवटी प्रदर्शन कसं वाटलं.

पहिली बाई लाडखेडची आली.

"नाव सांग वो बाई."

"पंचफुला गावंडे."

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली. "हे काय विचारून राह्यली? याहीचं नाव मी घेऊ का चारचौघात?"

"कागदावर हाय म्हणून विचारलं."

"कागदाले काय लाज हाय! तूच लिव."

"मले कसं ठाऊक असन तुया मालकाचं नाव?"

"मंग राहू दे. पुढचं विचार. घरी म्हशी सोडाच्या हायेत."

मी पुढचं विचारलं. तिला जबरदस्ती करणारी मी कोण? लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आमच्या यांचं नाव मी अजून जिभेवर घेतलं नाही. हाक मारायची झाली तर 'अहो' म्हणते, आणि लांब असले तर बादली वाजवते. रिकामं सोडायचं नाही म्हणून त्या रकान्यात मी नीट पट्टी धरून आडवी रेघ ओढली. दुसऱ्या बाईलाही ओढली. मग पट्टी हातातच ठेवली.

कसं वाटलं, या प्रश्नाला सगळ्याच म्हणत, "चांगलं लिव." एक म्हणाली, "चहा नाही भेटला. बरं लिव." डवऱ्याबद्दल मात्र कोणी नुसतं चांगलं म्हणून गेलं नाही. दांडी धरून, चाक फिरवून, कमरेवर हात ठेवून बोलल्या. काळ्या मातीत चाक रुतते का, पातं घासाले कोण देते, पोटुशी बाई चालवन का. मी जमेल तितकं सगळं लिहून घेतलं. दोन दिवसांत एकशे सव्वीस कागद भरले. बोटाला घट्टा पडला.

आणि माईकवर एकतीस.

बोलत होते बबनराव. ते कंपनीचे अध्यक्ष, आमच्याच गावचे, नात्यानं लांबचे दीर. माणूस वाईट नाही, पण एकदा ठरवलेलं मोडायला त्यांच्या जिवावर येतं. प्रदर्शन पाहायला आलेल्या पुरुषांचा मोठा आकडा सांगून झाल्यावर ते म्हणाले, की उद्या अकराला कमिटी बसेल आणि पुढच्या वर्षीच्या मंडपांचं ठरवेल. दुसऱ्या मंडपातल्या ट्रॅक्टरवाल्यांना जागा कमी पडते आहे, त्याचाही विचार होईल.

सुरभी माझ्याकडे आली. हातातला पाना तसाच होता.

"मोठीमाय, एकतीस कसे? तू तर सकाळपासून मान वर नाही केली."

"गिनाले चुकले असतीन."

"कम्प्युटर चुकते का?"

"त्याले बाया दिसत नसतीन. चाल, पाहू."

अनघा कार्यालयाच्या मंडपात लॅपटॉपसमोर बसली होती. मी म्हटलं, एकतीस बायांची नावं दाखव. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. मी बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. तिला घाई होती, पण तिनं मला थांबवलं नाही. इंदिराबाई. शेवंताबाई. वेणूबाई बोरीची. सातव्या-आठव्या नावाला माझं बोट अडलं.

"काय झालं मावशी?"

"थांब जरा."

सगळी वाचून झाली. मी लिहिलेली होती म्हणून प्रत्येकीचा चेहरा आठवत होता. चोवीस जणी मालक वारलेल्या. त्यांनी 'प्रमुख मीच' म्हणून आपलंच नाव सांगितलं होतं. पाच लग्न न झालेल्या पोरी, बापाचं नाव दिलेल्या. एकीच्या मालकाचं नाव तिच्या लेकानं सांगितलं होतं, आणि एक दारव्ह्याची मास्तरीण, तिनं नवऱ्याचं नाव खडखडीत घेतलं होतं.

"बाकीच्या कुठं हायेत?"

अनघानं टेबलाखालून खोकं ओढलं. त्यात माझे पंचाण्णव कागद होते. "हे अपूर्ण आहेत, मावशी. कुटुंबप्रमुखाच्या रकान्याला तांबडा तारा आहे. तिथं नाव नसेल तर कम्प्युटर पुढेच जाऊ देत नाही. मी सांगितलं होतं ना, रिकामं सोडू नका."

"रिकामं नाही सोडलं. रेघ मारली."

"पण रेघ का?"

मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिची आई यवतमाळला बँकेत आहे आणि बापाला नावानं हाक मारते.

"मारो ना बाप्पा, मले काही म्हणणं नाही," मी म्हटलं. "पण तुया कम्प्युटरच्या हिशोबानं या प्रदर्शनाले फक्त मालक मेलेल्या बाया आल्या. ज्याहीचे जित्ते हायेत त्या घरीच बसल्या."

सुरभी हसली. अनघा हसली नाही. ती यादी पुन्हा वरून खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "गेटवरच्या पोरांकडे तर एकही बाई नाही. मला वाटलं बाया बोलत नाहीत." तिनं एका पोराला बोलावलं. तो म्हणाला, बाई नाव सांगत नाही, मोबाइल पुढं सरकत नाही, म्हणून आम्ही बाजूच्या माणसाले विचारतो.

चूक माझीही होती. पहिल्या बाईलाच विचारताना अडलं, तेव्हाच उठून अनघाला सांगायला पाहिजे होतं. पट्टी धरून रेघा ओढत बसले. ते मी तिथंच कबूल केलं. पण चूक कबूल करणं वेगळं आणि पंचाण्णव बायांवर पाणी सोडणं वेगळं.

घरी आमचे हे चुलीपाशी शेकत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग माहं नाव टाकून देयाचं होतं सगळ्याईत. तेवढाच मी मोठा झालो असतो."

"पंचाण्णव बाया सांभाळाचं बळ हाय का?"

"एक नाही सांभाळल्या जात." लाकूड आत सारत ते म्हणाले, "बबन्या ऐकणार नाही. ट्रॅक्टरवाल्याले त्यानं शब्द देल्ला असन."

"त्यानं देल्ला असन. मी कुठं देल्ला?"

सकाळी अकराला कार्यालयाच्या मंडपात कमिटी बसली. बबनराव मधे, एका बाजूला सचिव श्रीकृष्णराव, यवतमाळचे निवृत्त अधिकारी, कागदाचा माणूस. दुसऱ्या बाजूला उमरीच्या तांड्यावरचे हिरासिंगभाऊ. अनघानं अहवाल ठेवला. खाली पाहणी करणाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, 'मी केलेली पाहणी वरीलप्रमाणे खरी आहे' म्हणून. त्याशिवाय तो जिल्ह्याला जात नाही. चार पोरांनी सह्या केल्या होत्या. माझी राहिली होती.

मी वाचलं. महिला, एकतीस. पेन खाली ठेवला.

"करा वहिनी, सही करा," बबनराव म्हणाले.

"हे खरं नाही."

"आकडा तुमच्याच कागदातून निंघाला."

"माह्या कागदातून एकशे सव्वीस निंघतात. पंचाण्णव खोक्यात हायेत."

अनघानं त्यांना रकान्याचं सगळं समजावून सांगितलं. बबनरावांनी हात झटकला. "अपूर्ण ते अपूर्ण. नियम हाय. अन् वहिनी, खरं बोलू का? बाया पाहाले येतात. घेते तर माणूसच."

"अनघा, माणसाईचे कागद काढ," मी म्हटलं. "ज्याईनं डवरा घेतो म्हणून सांगितलं तेवढेच."

तिनं बटणं दाबली. अठ्ठावन्न निघाले.

"आता तो रकाना पाह्य. अवजार कोण वापरणार."

ती थोडा वेळ मोजत होती. "एकोणपन्नास जणांनी लिहिलंय, बायको."

श्रीकृष्णरावांनी चष्मा पुसला. हिरासिंगभाऊ मिशीत हसले. बबनराव लाल झाले.

"वापरते बायको, पण निर्णय कोणाचा? तो आकडा कुठं हाय?"

"तो इचारलाच नाही तुमच्या कागदानं."

"बरं, बरं." त्यांनी आवाज खाली आणला. "भांडण नाही पाहिजे. असं करू. पंचाण्णव बायांच्या घरी फोन लावू, नाहीतर मतदार यादी पाहू. मालकाईची नावं टाकू. झाले ना पूर्ण?"

अनघाचा चेहरा उजळला. सुरभीनंही माझ्याकडे पाहिलं, की मोठीमाय, आता तरी हो म्हण. हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग पंचफुलाची आठवण झाली. ती डवऱ्याची दांडी तीनदा खालीवर करून पाहत होती.

"नाही," मी म्हटलं.

"आता नाही काहून?"

"ते आले होते का प्रदर्शनाले? ज्याचा पाय मंडपाले लागला नाही त्याचं नाव कायले? आली ती बाई. पाह्यलं तिनं, इचारलं तिनं. प्रमुखाच्या जागी तिचंच नाव लिवा. मालक वारलेल्या चोवीस जणीचं चाललं ना तसं? मालक मरेपर्यंत बाकीच्याईनं थांबावं का?"

 मग बबनरावांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला, आणि बोलू नये ते बोलले. "वहिनी, उगाच अडवू नका. सही येत नसन तर अंगठा देऊन द्या. शाई मागवतो."

मंडपाच्या दारात बाया जमल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज झाली. माझे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"अंगठा खूप देल्ला बबनभाऊ. तेव्हा कागदावर काय लिवलं हाय ते मले समजत नव्हतं. आता समजते. म्हणून सही नाही."

"मंग अहवाल जाणार नाही!"

"नको जाऊ."

"पुढच्या वर्षी प्रदर्शनच होणार नाही!"

"नको होऊ. एकतीसचं प्रदर्शन कोणाले पाहिजे?"

मी खोक्यातले कागद काढून टेबलावर ठेवले आणि वरून एकेक मोठ्यानं वाचायला लागले. मला कोणी वाचायला सांगितलं नव्हतं, पण थांबवायलाही कोणी उठलं नाही. पंचफुला गावंडे, लाडखेड, तीन एकर, डवरा घेणार. अनुसया, महागाव, मजुरी, पिशवी घेणार. वाचायला मला वेळ लागतो. बबनराव घड्याळ पाहत होते. दहाव्या-अकराव्या कागदावर मी वाचलं, "सक्रीबाई राठोड, उमरी तांडा. पाच एकर. डवरा पाह्यला. पातं जड हाय, हलकं करा."

हिरासिंगभाऊ ताठ झाले. "काय म्हणलं? पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"ते तं माही याडी हाय, माही माय! याडी कधी आलती?"

"काल. दुपारच्या जीपनं. तुमचं नाव घ्याले म्हणलं त म्हणे लेक मोठा माणूस हाय, त्याले कायले मधात आणता."

"मले सांगितलं नाही तिनं." त्यांनी माझ्या हातून कागद घेतला.  रेघेवरून बोट फिरवलं. "बापाचं नाव माही याडी घरात बी घेत नाही. तो वारला तरी नाही घेतलं. बबनराव, माही याडी आलीच नाही असं मी जिल्ह्याले लिवून देऊ का?"

"तसं नाही, हिरासिंग—"

"मंग कसं? मी बी सही करत नाही."

श्रीकृष्णरावांनी घसा साफ केला. ते पहिल्यांदाच बोलत होते. "नियमात 'कुटुंबप्रमुख' असा शब्द आहे. कुटुंबप्रमुख पुरुषच असावा, असं कुठं लिहिलेलं नाही. अनघा काल बोलली, म्हणून मी रात्री पाहिलं. बाईंनी स्वतःचं नाव दिलं तर चालतं."

"रात्री पाह्यलं त सकाळी काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

ते ओशाळले. "कोणी विचारलं नाही."

मग काम सुरू झालं. मी नाव वाचायची, अनघा ते दोन्ही रकान्यांत टाकायची, कम्प्युटर मुकाट घ्यायचा. दारातल्या काही बाया कालच्याच होत्या. आपलं नाव आलं की एखादी म्हणायची, "माहंच हाय ते, नीट लिव." एकीनं तर गाव चुकलं म्हणून दुरुस्त करून घेतलं. एक ठेंगणी बाई पुढं येऊन म्हणाली, "काल घेणार म्हणलं होतं, आज घेतलाच. ते बी लिव." सुरभी गाळ्यावर परत गेली होती. तिथून पान्याचा आवाज येत होता.

बबनराव तीनदा बाहेर जाऊन आले. चौथ्यांदा त्यांचा फोन वाजला, त्यांनी पाहिलं आणि उचलला नाही. आकडा साठ झाला, नव्वद झाला. जेवणाची वेळ टळली. कोणी तरी पोहे आणून ठेवले, ते हिरासिंगभाऊंनी आधी बायांकडे सरकवले.

दोन वाजता अनघानं लॅपटॉप वळवला. महिला, एकशे सव्वीस. तिनं खाली आपल्या हातानं एक ओळ जास्त टाकली होती, की गेटवरच्या मोबाइल पाहणीत महिलांची नोंदच होऊ शकली नाही, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा मोठा आहे. "हे लिहिल्यावर पुढच्या वर्षी मला काम मिळेल की नाही ठाऊक नाही," ती हळूच म्हणाली. पण तिनं ओळ खोडली नाही.

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. कोणी घाई केली नाही. मग सही केली. हिरासिंगभाऊंनी केली. श्रीकृष्णरावांनी ठरावाच्या वहीत लिहिलं, तिसरा मंडप कायम, आणि ती वही बबनरावांपुढे ठेवली.

बबनरावांनी पेन हातात धरला. फोन पुन्हा वाजत होता.

"वहिनी, मी त्या ट्रॅक्टरवाल्याले आता काय सांगू?"

"सांगा जागा भरली."

"इतकं सोपं हाय का?"

"मले पंचाण्णव बायाईले नाही म्हणाले सांगत होते, तेव्हा सोपं होतं. आता एकाच माणसाले नाही म्हणाचं हाय."

दारात कोणी तरी खुदकन हसलं. बबनरावांनी सही केली. पेनाचं टोपण लावताना ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "पुढच्या साली कागदावर काय छापाचं तेही आता तुम्हीच सांगा."

"सांगते ना," मी खुर्ची ओढली. "लिवून घ्या."